एकोणचाळीस अंकी संख्या आणि एक शाळाशिक्षक

कोणत्याही यंत्राच्या मदतीविना, केवळ हाताने हिशेब करून मूळ ठरवली गेलेली सर्वांत मोठी संख्या एकोणचाळीस अंकांची आहे. १८७६ मध्ये तिची ग्वाही देणारा फ्रेंच गणिती एद्वार ल्युका जगाला खेळणी आणि कोडी रचणारा म्हणूनच अधिक ठाऊक राहिला. त्याच्या खऱ्या कामाचे मोल कळायला मात्र अर्धे शतक जावे लागले.

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

वाचण्याच्या सोयीसाठी तीन-तीन अंकांचे गट पाडून लिहिलेली ही एकच संख्या आहे. एकं, दहं, शतं म्हणत आपली जुनी मोजणी परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाला परार्धाने गुणले, तरी पस्तीस अंकच होतात. ही संख्या त्याच्याही पुढची. ती थोडक्यात सांगायची तर १२७ वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा. गणिताच्या भाषेत, २ चा १२७ वा घात उणे १.

या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, म्हणजेच ती मूळ संख्या आहे, असे एद्वार ल्युका याने १८७६ मध्ये जाहीर केले. विधान छोटे, पण ते सिद्ध करणे म्हणजे काय, याचा अंदाज घेण्यासारखा आहे. शाळेत शिकवतात त्या रीतीने एकेक विभाजक लावून पाहायचा, तर या संख्येच्या वर्गमुळापर्यंत जावे लागते आणि ते वर्गमूळच वीस अंकी आहे. दर सेकंदाला एक विभाजक तपासला, तरी काम संपायला सुमारे ४१ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय अवघे १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. तेव्हा ल्युकाने भागाकार करून हे ठरवलेले नव्हते, हे उघड आहे. त्याने काय केले, हीच त्याच्या आयुष्यातील मोठी गोष्ट आहे.

वेधशाळेतून वर्गात

आपल्याकडे लुकास या इंग्रजी उच्चाराने परिचित असलेल्या फ्रांस्वा एद्वार आनातोल ल्युका याचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधील आम्यँ या शहरात झाला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत त्याचे शिक्षण झाले आणि पुढे तो पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्या वेळी वेधशाळेची सूत्रे लव्हेर्ये याच्याकडे होती. आकाशात न पाहता केवळ आकडेमोडीने नेपच्यून ग्रहाची जागा सांगणारा हा खगोलशास्त्रज्ञ. लांबलचक, कंटाळवाणे आणि तरीही एका अंकाचीही चूक न खपणारे हिशेब कसे करायचे, याचे वळण त्या वास्तूत कोणालाही लागले असते.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. ल्युका तोफखान्यात अधिकारी म्हणून लढला. फ्रान्सचा पराभव झाला आणि तोफखान्यातून परतलेला ल्युका शिक्षक झाला. आधी मूलाँ या गावी आणि नंतर पॅरिसच्या शार्लमान्य व सँ लुई या प्रसिद्ध शाळांमध्ये त्याने गणित शिकवले. शाळामास्तरकी हाच अखेरपर्यंत त्याचा पेशा राहिला. विद्यापीठातील अध्यासन किंवा अकादमीचे सभासदत्व त्याच्या वाट्याला आले नाही.

तोफगोळ्यांची आठवण मात्र त्याच्या गणितात उतरलेली दिसते. १८७५ मध्ये त्याने एक प्रश्न मांडला. तोफगोळ्यांचा चौरस पायाचा मनोरा रचला, वर एक गोळा, त्याखाली चार, त्याखाली नऊ याप्रमाणे, तर एकूण गोळे कधी पूर्ण वर्ग होतील? चोवीस थरांच्या मनोऱ्यात ४,९०० गोळे लागतात आणि ४,९०० हा ७० चा वर्ग आहे. एकाच गोळ्याचा मनोरा सोडला, तर याखेरीज दुसरे उत्तर नाही, असे ल्युकाचे म्हणणे होते. ते खरे होते. पण त्याची पक्की सिद्धता १९१८ साली वॉटसन या इंग्रज गणितज्ञाने दिली. बरोबर उत्तर हाती यावे आणि त्याची चोख सिद्धता इतरांच्या हातून व्हावी, हा योग ल्युकाच्या आयुष्यात पुन्हा येणार होता.

पाद्र्याची यादी

दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांचे आकर्षण फार जुने आहे. ६ च्या विभाजकांची, म्हणजे १, २ आणि ३ यांची बेरीज ६ येते. २८ चेही तसेच. ग्रीकांनी अशा संख्यांना परिपूर्ण म्हटले आणि दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या घडवता येते, हे युक्लिडने दाखवले. सतराव्या शतकात मारँ मर्सेन हा फ्रेंच पाद्री या संख्यांच्या मागे लागला. दोनाचा कितवा घात घेतला असता अशी मूळ संख्या मिळते, याची २५७ पर्यंतची यादी त्याने १६४४ मध्ये छापली. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७.

ही यादी मर्सेनने कशाच्या आधारे केली, हे कोडेच आहे. एवढ्या मोठ्या संख्या तपासण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. ३१ व्या घातापासून मिळणारी २१४७४८३६४७ ही दहा अंकी संख्या मूळ आहे, हे दाखवायला ऑयलरसारखा गणिती लागला आणि त्यालाही १७७२ साल उजाडले. पुढची शंभर वर्षे मूळ संख्यांची मजल तेरा-चौदा अंकांपलीकडे गेली नव्हती. यादीतील ६७, १२७ आणि २५७ ही नावे तशीच पडून होती.

भागाकाराविना पारख

ल्युकाने वाट बदलली. एखादी संख्या मूळ आहे का, हा एक प्रश्न आणि नसल्यास तिचे विभाजक कोणते, हा दुसरा. शतकानुशतके हे दोन्ही प्रश्न एकच मानले गेले होते. ल्युकाने त्यांची फारकत केली. विभाजकांचा शोध न घेताच संख्येच्या मूळत्वाची परीक्षा घेता येईल, हे त्याने ओळखले.

त्याला ही किल्ली एका साध्या मालिकेत सापडली. १, १, २, ३, ५, ८, १३ अशी, मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जाणारी ही मालिका. तेराव्या शतकातील पिसा येथील लेओनार्दो उर्फ फिबोनाची याचे नाव तिला रूढ केले ते ल्युकानेच. छंदांतील लघु-गुरू मात्रांचे प्रकार मोजताना आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकातच हीच मोजणी केली होती. ल्युकाने तिच्या जोडीला १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ ही भावंडमालिका अभ्यासली. आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. कोणत्या मूळ संख्येने या मालिकांतील कोणत्या पदाला भाग जातो, याचे नियम तपासता तपासता त्याच्या हाती एक विलक्षण कसोटी आली.

ती एका छोट्या उदाहरणावर कोणालाही करून पाहता येईल. २ चा ७ वा घात उणे १ म्हणजे १२७. ही संख्या मूळ आहे का? सुरुवात ३ पासून करायची. प्रत्येक वेळी हातातील संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची. ३ नंतर येतात ७, मग ४७. ४७ चा वर्ग उणे २ म्हणजे २,२०७. १२७ ने भागल्यावर बाकी ४८. ४८ चा वर्ग उणे २ म्हणजे २,३०२, बाकी १६. १६ चा वर्ग उणे २ म्हणजे २५४, बाकी शून्य. घातांक ७, त्यापेक्षा एक कमी म्हणजे सहावी संख्या शून्य आली, की १२७ मूळ. शून्य आले नाही, तर नाही. ज्या मूळ घातांकांना चाराने भागल्यावर तीन बाकी उरते, त्या सर्वांना ही कसोटी लागू पडते. ७ तसा आहे आणि १२७ ही तसाच आहे.

एकोणचाळीस अंकी संख्येसाठी रीत हीच. फरक इतकाच, की १२५ वेळा वर्ग करायचा आणि प्रत्येक वर्ग सत्त्याहत्तर अंकांपर्यंत जाणारा. काम अवाढव्य खरे. पण ४१ हजार कोटी वर्षांचे काम आता एका माणसाच्या आवाक्यात आले होते.

पट आणि प्यादी

या कामासाठीही ल्युकाने एक युक्ती वर्णिली आहे. ती त्याच्या स्वभावाला साजेशी, खेळासारखी आहे. दोनाच्या घातात मांडणी करणाऱ्या द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिली, तर ती म्हणजे एकापुढे एक १२७ एकच. त्यामुळे तिने भागणे फार सोपे होते. नवाने भागल्यावर उरणारी बाकी काढायची, तर आपण संख्येतील अंकांची बेरीज करतो; नऊ टाकण्याची ही रीत जुन्या हिशेबनिसांना पाठ असे. तसेच येथे १२७ घरांपलीकडे गेलेला भाग पुन्हा पहिल्या घरापासून आणून मिळवला, की बाकी मिळते. भागाकार करावाच लागत नाही.

म्हणून ल्युकाने बुद्धिबळाच्या पटासारखा, पण १२७ ओळी आणि १२७ स्तंभांचा पट कल्पिला. एक असेल तेथे प्यादे ठेवायचे, शून्य असेल तेथे घर रिकामे. गुणाकार म्हणजे प्याद्यांच्या ओळी एकेक घर सरकवत खाली मांडणे; पटाबाहेर जाणारे प्यादे दुसऱ्या टोकाने आत येते. मग एका स्तंभातील दोन प्यादी उचलायची आणि त्यांच्या बदल्यात शेजारच्या स्तंभात एक ठेवायचे. पटावर शेवटी एकच ओळ उरली, की एक पायरी झाली. आज संगणकाच्या पोटात जे चालते, त्याचीच ही लाकडी सोंगट्यांची आवृत्ती होती. हे काम यंत्राने करता येईल, याचीही ल्युकाला जाणीव होती. त्याच्या वर्तुळातील आंरी जेनाय या रेल्वे अभियंत्याने अशा पडताळणीसाठी एक अंकगणिती पियानो योजला होता. ते यंत्र मात्र प्रत्यक्षात आले नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १८७६ मध्ये, मर्सेनच्या यादीतील ६७ व्या घाताची संख्या मूळ नसल्याचेही ल्युकाने सांगितले. तिचे विभाजक कोणते, हे मात्र त्याला माहीत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल याने १९०३ मध्ये ते दाखवले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. व्याख्यानात एक शब्दही न उच्चारता त्याने फळ्यावर हा गुणाकार केला आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. कोलच्या आधी सत्तावीस वर्षे ल्युकाने अपराधी न पाहताच निकाल दिला होता.

काशीच्या मंदिराची कथा

ल्युका प्रसिद्ध झाला तो वेगळ्याच कारणाने. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये एक खेळणे विक्रीला आले: तीन खुंट्या आणि एकीवर उतरत्या आकाराच्या चकत्या. मोठी चकती लहान चकतीवर न ठेवता, एका वेळी एकच हलवत, साऱ्या चकत्या दुसऱ्या खुंटीवर न्यायच्या. हाच हानोईचा मनोरा. रचनाकार म्हणून सयामचा प्राध्यापक एन. क्लाउस असे नाव छापले होते आणि त्याचे महाविद्यालय होते ली-सू-स्त्याँ. फ्रेंच अक्षरांची उलटापालट केली, की पहिल्यातून आम्यँचा ल्युका निघतो आणि दुसऱ्यातून सँ लुई ही त्याची शाळा.

या खेळण्याला एक कथा जोडली गेली. काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन शलाका आहेत, ब्रह्मदेवाने त्यांपैकी एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या रचल्या आहेत, पुरोहित रात्रंदिवस त्या हलवत आहेत आणि काम संपेल तेव्हा जगाचा अंत होईल. काशीत असे मंदिर नाही. कथा कल्पित आहे. तिच्यामागचे गणित मात्र अस्सल आहे. लागणाऱ्या चाली २ चा ६४ वा घात उणे १ इतक्या. दर सेकंदाला एक चाल केली, तरी ५८ हजार कोटी वर्षे. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्या शहाण्याच्या गोष्टीतही हीच संख्या येते. खेळण्याच्या खोक्यातून ल्युकाने लोकांच्या घरात जे पोचवले, ते त्याचे आवडते कुटुंबच होते: दोनाचा घात, एक वजा.

वहीवर ठिपके मांडून रेघा जोडत चौकोन मिळवायचा खेळ मुले आजही खेळतात. त्याचेही वर्णन ल्युकाने १८८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. गणिती मनोरंजनावरील त्याचा चार खंडी ग्रंथ १८८२ पासून निघू लागला. शेवटचे दोन खंड त्याच्या मृत्यूनंतर आले.

मार्सेची मेजवानी

एकोणचाळीस अंकी संख्येचे काय झाले? ती स्वीकारली गेली आणि शंकेच्या छायेतही राहिली. ल्युका झपाट्याने लिहीत असे. कसोट्यांची विधाने तो एकामागून एक करी, त्यांच्या सिद्धता अपुऱ्या असत आणि काही ठिकाणी सदोषही. हिशेबाची बाजू तशी भक्कम होती, कारण सव्वाशे पायऱ्यांत कोठे चूक झाली असती, तर शेवटी नेमके शून्य येण्याची शक्यता नसल्यासारखीच. पण ज्या नियमाच्या बळावर शून्याचा अर्थ लावायचा, तोच पुरता सिद्ध झालेला नव्हता. ल्युकाच्या स्वतःच्या नंतरच्या लिखाणातही या संख्येबद्दल सर्वत्र सारखाच ठामपणा आढळत नाही. त्यातच मर्सेनची यादी डळमळू लागली होती. तिच्यात नसलेली ६१ व्या घाताची संख्या मूळ निघाली, हे पेर्वूशिन या रशियन धर्मोपदेशकाने १८८३ मध्ये दाखवले.

१८९१ मध्ये ल्युकाच्या संख्याशास्त्रावरील मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढचे खंड व्हायचे होते. त्याच वर्षी मार्से येथे फ्रेंच विज्ञान संघटनेचे अधिवेशन भरले. तेथील मेजवानीत वाढप्याच्या हातून ताटली पडून फुटली आणि तिची एक कपची उडून ल्युकाच्या गालाला लागली. जखम किरकोळ होती. पण ती चिघळली, विसर्प झाला आणि काही दिवसांतच, ३ ऑक्टोबर १८९१ रोजी, पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. प्रतिजैविकांचा काळ अजून फार दूर होता. ल्युका अवघा ४९ वर्षांचा होता.

ज्याचे त्याला

फोकेंबेर्ग या फ्रेंच गणितज्ञाने १९१४ मध्ये स्वतंत्रपणे हिशेब करून ती संख्या मूळ असल्याची खात्री करून दिली. ल्युकाला जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. नियमाची उणीव कारमायकेल आणि लेमर या अमेरिकन गणितज्ञांनी भरून काढली. लेमरने १९३० मध्ये कसोटीला नेटके रूप दिले आणि सर्व विषम मूळ घातांकांना चालेल अशी ती झाली. तेव्हापासून ती ल्युका-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते.

१८७६ पासून १९५१ पर्यंत, तब्बल पंचाहत्तर वर्षे, ल्युकाच्या संख्येपेक्षा मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती. १९५१ मध्ये फेरिए याने टेबलावरच्या गणनयंत्राच्या साह्याने चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या मिळवली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी एकोणऐंशी अंकांपर्यंत झेप घेतली. गंमत अशी, की त्यांनी ती संख्या घडवली तीच मुळी ल्युकाच्या संख्येचा वर्ग करून, त्याला १८० ने गुणून आणि एक मिळवून. यंत्रयुगातील ही उडीही त्याच्याच खांद्यावरून घेतली गेली.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, रॅफाएल रॉबिन्सन याने ल्युका-लेमर कसोटी संगणकाला शिकवली आणि ५२१ व्या घाताची संख्या मूळ ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या दोनाच्या १३६२७९८४१ व्या घातातून एक वजा करून मिळते. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. तिच्यावरही पक्केपणाची मोहोर उमटली ती याच कसोटीने.

ल्युकाच्या संख्येभोवती एक प्रश्न अजून उरला आहे. २ पासून सुरुवात करून दोनाचा तितका घात घ्यावा आणि एक वजा करावा, तर ३ मिळतात. ३ पासून ७, ७ पासून १२७ आणि १२७ पासून ही एकोणचाळीस अंकी संख्या. पाचही मूळ. कातालाँ या गणितज्ञाने १८७६ मध्येच या साखळीकडे लक्ष वेधले. सहावी कडी मूळ आहे का? ती कडी इतकी अफाट आहे, की तिचे सगळे अंक लिहायला जगातील कोणतीही वही पुरणार नाही आणि ल्युकाची कसोटीही तेथे हात टेकते. मोठ्या संख्येला भिडायचे, तर आणखी जोराने भागाकार करून भागत नाही, प्रश्नच नव्याने विचारावा लागतो, हे शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने १८७६ मध्ये दाखवून दिले होते. सहाव्या कडीसाठी तसा नवा प्रश्न विचारणारा कोणी अजून यायचा आहे.